वडिलांची बारा बोअर माझ्या नावावर झाली. आता नीट शिकायचं कसं?

काजूबाग

नमस्कार मंडळी. कुडाळ तालुक्यात आमची काजू-आंब्याची बाग आहे, खालच्या मळ्यात थोडं भात. बाबांकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावर एकनळी बारा बोअर (छर्ऱ्याची बंदूक) होती. त्यांनी सत्तरी ओलांडली, खांदा धरतो, म्हणून त्यांनीच पुढाकार घेऊन ती माझ्या नावावर करायला लावली. भावंडांची ना-हरकत, वैद्यकीय दाखला, पोलीस चौकशी, सगळं पार पडून परवाना हातात आलाय.

२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे लागणारं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही आहे, तो एस-१ नमुना. पण प्रशिक्षण म्हणजे एका सकाळचं भाषण, थोडे राउंड, सही आणि शिक्का. शिकवणारा माणूस चांगला होता, पण समोर आम्ही एवढे जण की प्रत्येकाच्या हाताकडे बघायला त्याला सवड कुठली? कागदावर हाताळणी, देखभाल, साठवण, वाहतूक, कायदा हे सगळं शिकून झालंय. प्रत्यक्षात बंदूक उघडून आत बघताना अजून माझी बोटं अडखळतात.

घरात आई, बायको आणि दोन लहान मुलं आहेत. बाबांची बंदूक आजवर माजघरात खुंटीला असायची. मला ते नकोय. ज्यांनी खरोखर वापरली आहे त्यांनी सांगा, पहिल्या दिवसापासून काय अंगवळणी पाडायचं? बंदूक ठेवावी की नाही हा वाद इथे नको, प्लीज.

चिकित्सक

वाद नको म्हटलं की वाद होणारच. सौर कुंपण घाला, अनुदानाची चौकशी करा, बंदूक जमा करून टाका. लहान मुलांच्या घरात सगळ्यात सुरक्षित बंदूक म्हणजे नसलेली बंदूक.

काजूबाग

@चिकित्सक, कुंपण आहे. वानर वरून येतात आणि गवा ते उपटून येतो. गव्यावर आणि वानरांवर बार काढायचा नाही हे मला माहीत आहे. रानडुकरासाठीही वनखात्याची लेखी परवानगी लागते. पण तुमचं शेवटचं वाक्य मला पटतं, म्हणूनच हा धागा काढलाय.

सुभेदार_निवृत्त

काजूबाग, प्रश्न योग्य वेळी विचारलात. फौजेत आणि नंतर एनसीसीच्या पोरांना शिकवण्यात माझा जन्म गेला. लांबण लागेल, सवडीने वाचा.

बंदुकीचे कितीतरी अपघात बार काढायचा नसतानाच होतात. पुसताना, कुणाला दाखवताना, गाडीतून उतरवताना, गडगा (दगडी बांध) ओलांडताना, दसऱ्याला पूजेसाठी खाली काढताना. आणि अशा प्रत्येक बातमीत एक वाक्य असतंच, ‘रिकामी आहे असं वाटलं’. त्यामुळे पहिली सवय ही. बंदूक हातात आली की ती उघडायची. दुसऱ्याने तुमच्या डोळ्यांदेखत उघडून, दाखवून, मग दिली तरीही तुम्ही पुन्हा उघडायची. तुम्हीच ठेवून चहाला गेलात आणि परत आलात, तरी पुन्हा. एकनळी उघडायला क्षणभर लागतो. आत नुसतं बघू नका, करंगळी घालून चाचपा. अंधारात डोळा फसतो, बोट फसत नाही.

फौजेत कवायतीच्या सुरुवातीला आणि शेवटी ‘जाँच शस्त्र’ होतं. आपण जवान असताना वैतागायचो की आत्ताच तर बघितलं. वैतागलेल्या माणसाचाही हात ते काम आपोआप करू लागला पाहिजे, त्यासाठीच ते असतं.

दुसरं, नळीचं तोंड. भरलेली असो वा रिकामी, ते कुणाकडे वळता कामा नये, आणि स्वतःच्या पायाकडेही नाही. घरात सुरक्षित दिशा कुठली हे आधीच ठरवून ठेवा. पत्र्याचं छप्पर सुरक्षित नाही, माडीची फळ्यांची जमीनही नाही. पलीकडे चिऱ्याची जाड भिंत आणि मातीचा भराव आहे अशी बाजू शोधा आणि बंदूक हाताळण्याची जागा तीच ठेवा. मागच्या पडवीत बहुतेकांकडे अशी एखादी जागा निघते.

तिसरं, बोट. नेम लागून बार काढायचं पक्कं होईपर्यंत बोट चापाच्या कडीबाहेर, सरळ. दचकलात, पाय घसरला, कुत्रा भुंकला की मूठ आपोआप आवळते. बोट आत असेल तर चापही आवळला जातो. ताकद किंवा अनुभव इथे कामाला येत नाही, मज्जातंतूच तसे असतात.

चौथं, समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे. यावर कोकणात वेगळं बोलावं लागतं. आपली जमीन उताराची, मध्ये माणसांच्या वाटा, खालच्या आळीत घरं. बारीक छर्रा दोन-तीनशे मीटर जातो, मोठ्या दाण्याचं काडतूस त्याहून लांब, आणि एकच गोळी असलेलं काडतूस किलोमीटरच्या घरात. कातळावर किंवा पाण्यावर तिरका बार गेला की दाणे उसळतात आणि कुठे जातील याचा नेम नाही. वानर हाकलायला ‘हवेत बार’ काढतात, तोही कुठेतरी खाली येतोच. मागे मातीचा चढ असेल त्याच दिशेला बार काढायचा, नसेल तर फटाका वाजवा.

बाकी गोष्टी याच चारातून निघतात.

जांभा_दगड

सुभेदारसाहेब, आदर आहे, पण हे रेंजवरचं झालं. आमच्या बागेत डुक्कर येतं रात्री दोनला. काडतूस कपाटात, किल्ली बायकोकडे, बंदूक दुसऱ्या खोलीत… तोवर केळी आडवी. आमच्या आजोबांपासून भरलेली बंदूक दाराआड असते. कधी काही झालं नाही.

सुभेदार_निवृत्त

जांभाभाऊ, काही झालं नाही याचं श्रेय तुमच्या घरातल्या पोरांना आहे, पद्धतीला नाही. राग मानू नका.

हिशोब असा बघा. एकनळी उघडून काडतूस सारून मिटवायला तीनेक सेकंद लागतात. राखणीला जाताना काडतुसं खिशात, बंदूक उघडी, खांद्यावर किंवा कोपरात मोडलेली, म्हणजे नळी बिजागरीवर खाली झुकवलेली. जागेवर बसलात, आजूबाजूला कोण कुठे आहे ते पाहिलंत, मग भरा. उठायचं झालं की आधी काढा. डुकरासमोर तीन सेकंद उशीर झाला तर केळी जातील. आणि झोपेतून उठलेला माणूस अंधारात भरलेली बंदूक घेऊन धावला तर काय जाईल ते मी लिहीत नाही.

जांभा_दगड

मोडून नेतो मीसुद्धा, चालताना. घरी दाराआड असते एवढंच म्हणत होतो. असो. गडगा ओलांडायचं सांगा त्यांना, नवीन माणूस तिथेच चुकतो.

सुभेदार_निवृत्त

बरोबर. गडगा, कुंपण, साकव, वहाळ, माचाण: कुठेही हात वापरून चढायचं-उतरायचं असेल तर आधी काडतूस बाहेर. बंदूक उघडी ठेवून पलीकडे आडवी ठेवा, तोंड आपल्यापासून लांब, मग थोडं बाजूने चढा. दोघे असाल तर एकाने दोन्ही बंदुका धरायच्या, दुसऱ्याने चढायचं, मग पलीकडून घ्यायच्या. नळीला धरून आपल्याकडे ओढायची नाही. माचाणावर बंदूक दोरीने वर घ्यायची, तीही रिकामी.

घसरून पडलात तर उठल्यावर पहिलं काम नळी तपासणं. तोंडात चिखल बसला आणि तसाच बार काढला तर नळी फाटते, आणि फाटते ती तुमच्या डाव्या हाताजवळ.

आणखी एक. काजूबाग, तुमच्या एकनळीला बाहेरून घोडा (चाप ओढला की आपटणारी हातोडी) असेल. चढवलेला घोडा बार न काढता उतरवताना अंगठा घामाने निसटतो आणि बार उडतो. अनेक एकनळी बंदुका घोडा चढलेला असतानाही उघडतात. तेव्हा आधी उघडा, काडतूस काढा, नंतर घोडा उतरवा. भरलेल्या नळीवर घोडा उतरवण्याचं कसब कुणी दाखवत असेल तर कौतुक करून घरी या.

सुरंगी

इथे सगळे पुरुष रानातलं बोलताहेत. मी घरातलं बोलते. माझ्या सासऱ्यांची बंदूक होती आणि किल्ली देवघरात गणपतीच्या फोटोमागे. घरातल्या प्रत्येक पोराला ती जागा माहीत होती, फक्त मोठ्यांना वाटायचं की माहीत नाही. मुलं दिवसभर घरातच असतात, त्यांच्यापासून किल्ली लपत नसते.

काजूबाग, बंदूक भिंतीत बोल्ट मारलेल्या लोखंडी कपाटात, काडतुसं वेगळ्या कुलपात. दोन्ही किल्ल्या तुमच्या अंगावर किंवा आकड्यांचं कुलूप. चापाच्या कडीत बसणारं छोटं कुलूपही विक्रेत्याकडे मिळतं, ते वरून लावा. पाहुणे येतात तेव्हा आणि गणपतीत घर भरलेलं असतं तेव्हा जास्त सांभाळा. घरची मुलं एकवेळ ऐकतात, मुंबईहून आलेल्या भाच्यांना ‘खरी बंदूक’ बघायची असते.

आणि बायकोला सांगा काय ठेवलंय, कसं ठेवलंय. परवाना तुमच्या नावावर आहे, त्यामुळे तुमच्या माघारी तिने बंदूक वापरायचा प्रश्नच येत नाही. पण तुमच्यासमोर तिला एकदा उघडून दाखवा, भरलेली कशी दिसते, रिकामी कशी दिसते. उद्या तुम्ही तापाने फणफणलात आणि बंदूक ओट्यावर राहिली असेल तर ती बिचारी नुसती घाबरून बघत बसेल.

अजून एक, जरा अवघड. घरात कुणी खूप खचलेलं असेल, दारू वाढली असेल, कर्जाचा ताण असेल, भांडणं टोकाला गेली असतील, तर तेवढा काळ बंदूक घरात नको. परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करून ठेवता येते, रीतसर पावती मिळते. यात लाज वाटून घेऊ नका. तो खचलेला माणूस तुम्ही स्वतः असाल तरीही.

चिकित्सक

सुरंगीताई, या प्रतिसादाला +१००. धागा वाचवलात.

बे_एरियातला_भाऊ

कॅलिफोर्नियातून लिहितोय. इकडे २०१५ पासून कुठलीही बंदूक विकत घ्यायची तर आधी सुरक्षा प्रमाणपत्र लागतं. तीस प्रश्नांची लेखी परीक्षा, त्यात तेवीस बरोबर हवेत. शिवाय दुकानात बंदूक हातात घेऊन ती सुरक्षितपणे भरून, रिकामी करून, कुलूप लावून दाखवावी लागते. मग दहा दिवस थांबायचं, तेव्हा ती हातात मिळते. तरीसुद्धा खरं सांगायचं तर लेखी परीक्षा सोपी आहे, पुस्तिका वाचून कुणीही पास होतो. करून दाखवायचा भाग जास्त उपयोगी. माझ्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबाने कोविडच्या काळात घाबरून पिस्तूल घेतलं, परीक्षा पास झाले आणि अजून एकदाही रेंजवर गेलेले नाहीत. ते घर मला तुमच्या माजघरातल्या खुंटीपेक्षा धोक्याचं वाटतं.

मुलांना इकडे चार गोष्टी शिकवतात: थांब, हात लावू नको, तिथून निघून जा, मोठ्यांना सांग. पाठ सगळ्यांची असते. पण इथल्या संशोधकांनी बघितलंय की पाठ म्हणणारी मुलंसुद्धा खरी बंदूक समोर आली की उचलून बघतात. म्हणून शिकवा जरूर, विश्वास मात्र कुलपावर ठेवा.

इकडे शाळकरी मित्राच्या घरी मुलाला खेळायला पाठवण्याआधी ‘तुमच्याकडे बंदूक आहे का, कुलपात आहे का’ असं विचारायची पद्धत आहे. पहिल्यांदा जीभ रेटत नाही. नंतर ऍलर्जीबद्दल विचारावं तसं सहज विचारता येतं.

दादर_टीटी

शहरातलं उदाहरण द्यायचं तर २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अभिनेता गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी लागली, पहाटे घरातून निघायच्या गडबडीत. शस्त्रक्रिया करून गोळी काढावी लागली. त्या प्रकरणात शिरायचं नाही. पण जुन्या बनावटीची कित्येक रिव्हॉल्व्हरं घोड्यावर पडली की उडू शकतात, कारण घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये अडथळा आणणारा सुटा भाग त्यांत नसतो. म्हणून जुने लोक घोड्याखालचा खण रिकामा ठेवायचे. नवीन घेतलेल्यांनी आपल्याकडची कुठल्या प्रकारची आहे हे कारागिराला विचारून घ्यावं. आणि हातातून सुटलीच तर झेलायला जाऊ नये, पडू द्यावी. झेलताना बोट नेमकं चापावर जातं.

रायफल_पन्नास

मी क्रीडा नेमबाज, कोल्हापूरची. राधानगरी तालुक्यातल्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्य आणलं तेव्हापासून आमच्याकडे पालकांची रांग लागली आहे आणि प्रत्येकाला पहिल्याच दिवशी नेम धरायचा असतो. आम्ही आधी नुसतं उचलायला आणि ठेवायला शिकवतो.

रेंजवरची एक गोष्ट घरी नेण्यासारखी आहे. आमच्याकडे बंदूक रिकामी असल्याची खूण म्हणून नळीत भडक केशरी दोरी असते, ती मागच्या बाजूने बाहेर दिसली पाहिजे. काडतूस आत असेल तर दोरी जाऊच शकत नाही, त्यामुळे लांबूनही कळतं. काजूबाग, नायलॉनची जाड केशरी दोरी नळीपेक्षा लांब कापा आणि कपाटात ठेवताना आरपार घाला. दोन्ही टोकं बाहेर दिसली पाहिजेत. पैशाला स्वस्त आणि आईलासुद्धा एका नजरेत समजेल. फक्त काढायला विसरू नका, आणि दोरी दिसली तरी सुभेदारकाकांची करंगळी चुकवू नका.

सरावाबद्दल. कोऱ्या, म्हणजे काडतुसाशिवायच्या सरावाने निम्मं काम होतं: खांद्याला लावणं, बोट बाहेर, उघडणं, मिटवणं. त्या खोलीत एकही काडतूस नको, ती दुसऱ्या खोलीत ठेवून या. नकली काडतूस मिळालं तर चापाचाही सराव करता येतो, नुसत्या रिकाम्या नळीवर घोडा आपटत राहिलात तर जुन्या बंदुकीची पिन मोडते. सराव संपला की ‘संपला’ असं मोठ्याने म्हणून बंदूक कुलपात. ‘अजून एकदा’ म्हणून काडतुसांसकट परत घेतलेली बंदूक घरातल्या भिंती फोडते.

प्रत्यक्ष बार शिकायला शक्य असेल तर बालेवाडी किंवा वरळीकडच्या क्लबांत चौकशी करा. तिथे निदान कुणीतरी मागे उभं राहून तुमचा हात बघेल.

कान! बारा बोअरचा एक बार १५० डेसिबलच्या वर जातो, १४० ला कानाला कायमची इजा होऊ शकते. आमच्या गावचे सगळे जुने शिकारी बहिरे आहेत आणि त्यांना वाटतं की वयामुळे. कानात बोळे, डोळ्यांना चष्मा. आणि नंतर हात साबणाने धुतल्याशिवाय तंबाखू-भाकरी काही नाही, छर्रा आणि केप (दारू पेटवणारी टोपी) दोन्हींत शिसं असतं.

भगतवाडी

विषयाला धरूनच विचारतो. आमच्याकडे ठासणीची (तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची) आहे, परवान्याची. वडील आजारी असतात, आता मीच बघतो. ती उघडून बघता येत नाही. ती भरलेली आहे की नाही हे कसं ओळखायचं?

सुभेदार_निवृत्त

भगतवाडी, आधी कायद्याचं. परवाना वडिलांच्या नावावर असेल तर ‘आता मीच बघतो’ चालणार नाही. त्यांची सत्तरी झाली असेल किंवा पंचवीस वर्षं बंदूक बाळगली असेल तर काजूबागांसारखी तुमच्या नावावर करून घ्या. तोवर हात लावू नका. तेच गड्याच्या बाबतीत. ‘जरा वानर हाकल रे’ म्हणून गड्याच्या हातात बंदूक देणं हा गुन्हा आहे, तुमचाही आणि त्याचाही.

ओळखायचं गजाने, म्हणजे ठासायच्या सळईने. बंदूक पूर्ण रिकामी आहे याची खात्री असताना, एखाद्या जाणकाराकडून साफ करून घेतल्यावर, गज नळीत तळापर्यंत सोडायचा आणि तोंडाशी गजावर पक्की खूण करायची. पुढे कधीही गज सोडला आणि खूण तोंडाच्या वर राहिली तर आत काहीतरी आहे. हे करताना केप काढलेली हवी आणि तोंड चेहऱ्यापासून लांब. केप काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली असं नाही, आतली दारू वर्षानुवर्षं जिवंत राहते. माळ्यावर सापडलेल्या ठासणीच्या बंदुका भरलेल्याच निघतात असं समजून चाला.

भरताना दोनदा दारू पडणं हा नेहमीचा अपघात. गप्पा मारत ठासायचं नाही. डब्यातून सरळ नळीत दारू ओतायची नाही, मापाने वेगळी काढून ओतायची, कारण आधीच्या बाराची ठिणगी आत धुमसत असली तर डबाच हातात फुटतो. विडी तर सोडाच. काळी दारू सोडून काडतुसातली दारू काढून ठासायची नाही, तिचा जोर वेगळा, नळी तो सोसत नाही. आणि केप वाजली पण बार उडाला नाही तर तोंड मातीच्या चढाकडे धरून एक-दोन मिनिटं हलायचं नाही. काडतुसाच्या बंदुकीतही तसंच, किमान अर्धा मिनिट न उघडता थांबा. बार कधीकधी उशिरा उडतो.

उलटही होतं. बार झाला पण आवाज फुसका आला, धक्का लागला नाही. तिथेच थांबा, उघडा, नळीतून आरपार उजेड दिसतोय का बघा. आत काही अडकलेलं असताना पुढचा बार काढला तर नळी फुटते.

रानवाटा

रात्रीच्या राखणीबद्दल कुणीच बोललं नाही. कोकणात माणसं दगावतात ती तिथे. पेपरात दर थोड्या दिवसांनी तीच बातमी असते: डुक्कर समजून सोबत्यालाच गोळी लागली.

होतं असं. दोघे-तिघे वेगळ्या वाटांनी जातात, एकजण ठरलेली जागा सोडून थोडा पुढे सरकतो, दुसऱ्याला झुडूप हललेलं दिसतं. किंवा बॅटरीत डोळे चमकतात. डोळे गाईचे, कुत्र्याचे, कोल्ह्याचे, सगळ्यांचेच चमकतात. चमक म्हणजे डुक्कर नव्हे. आवाज म्हणजे डुक्कर नव्हे. पूर्ण जनावर, डोक्यापासून शेपटीपर्यंत, उजेडात ओळखू आलं पाहिजे. नाही आलं तर बार नाही, मग भात गेलं तरी चालेल. आणि एका शेतात एकच बंदूक. दोन बंदुका दोन टोकांना बसवणं म्हणजे एकमेकांवर रोखून बसणं.

दारू पिऊन राखणीला जाणाऱ्यांना मी काय सांगणार? त्यांच्यासोबत जाऊ नका, एवढं तुम्हाला सांगतो.

कायदा काजूबागांना माहीत आहे, इतरांसाठी लिहितो. शेती संरक्षणाचा परवाना हा शिकारीचा परवाना नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा वेगळा आणि त्याची शिक्षा वेगळी. वाटेवर तार लावून बंदुकीचा सापळा बसवणं, गावठी बॉम्ब ठेवणं याने गुरं आणि माणसं मरतात, त्यावर चर्चा करायचीही गरज नाही.

कुणाला लागलंच तर १०८ ला फोन, स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा, भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा, आधीचं काढू नका. छर्रे उकरून काढायचे नाहीत. पोलिसांच्या भीतीने खाजगी गाडीत फिरवत वेळ घालवू नका.

जांभा_दगड

रानवाटा, हे सगळं खरं आसा. आमच्या गावात एकाचो पाय गेलो, सोबत्याच्याच बाराने. नाव नाय सांगणंय.

दसऱ्याचं सुभेदारांनी वर एका शब्दात सांगितलं, मी वाढवतो. खंडेनवमीला बंदूक पूजेला लावतात, पोरंटोरं गोळा होतात. पूजेआधी रिकामी आहे हे घरातल्या दोघांनी बघावं, पूजा उघड्या बंदुकीची करावी, देवाला चालतं. आणि सोनं लुटून झाल्यावर एक बार काढायची पूर्वी पद्धत होती, ती बंद करा. लग्नात, वरातीतसुद्धा नाही. २०१९ च्या दुरुस्तीपासून आनंदाचा गोळीबार करून कुणाच्या जिवाला धोका आणला तर दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. परवाना जातो तो वेगळाच.

काजूबाग

सगळ्यांचे आभार. ताईंच्या सांगण्यावरून कपाट भिंतीला बोल्ट मारून घेतलं, केशरी दोरी पण आणली. बाबा म्हणाले, ही काय बैलाची वेसण? पण दोरी ठेवू दिली.

नवीन प्रश्न. निवडणुकीत परवान्यांच्या छाननीनंतर आमची बंदूक ठाण्यात जमा होती, तेव्हाची परत आणलीय. उघडून उजेडाकडे धरली तर नळीत तोंडाजवळ मातीचा गोळा! कुंभारीण माशीने घर केलंय. दुसरं, बाबांच्या डब्यात जुनी काडतुसं आहेत, काही कागदी, फुगलेली. ती आणि खडकीच्या कारखान्याची नवीन शक्तिमान काडतुसं, कुठली चालतील?

सुभेदार_निवृत्त

बघा, उघडून बघितलंत म्हणून दिसलं. तसाच बार काढला असता तर नळी फाटली असती. लाकडी किंवा पितळी गजाने मागच्या बाजूकडून ढकलून काढा, मग कोरडं कापड, मग तेलाचा हात, मग पुन्हा कोरडं. तेल नळीत साचू देऊ नका. आपल्या हवेत पावसाळ्यात आठवड्याला एकदा पुसा, आणि चामड्याच्या खोळीत ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि नळी आतून गंजते. आत खड्डे पडलेले दिसले तर कारागिराला दाखवल्याशिवाय बार नाही.

काडतुसांबद्दल. नळीच्या बुडाला खालून शिक्के असतात, त्यात घराची, म्हणजे काडतूस बसतं त्या खणाची लांबी बघा. जुन्या बंदुकांचं घर ६५ मिमीचं असतं, नव्यांचं बहुधा ७०. ७० चं काडतूस ६५ च्या घरात सहज बसतं, तोच धोका आहे. बार होताना त्याचं तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. ६५ चं काडतूस ७० च्या घरात चालतं. शिक्का वाचता आला नाही तर फोटो काढून परवानाधारक विक्रेत्याला दाखवा, अंदाज नको.

आणखी, वीस बोअरची काडतुसं घरात कुणाची राहिली असतील तर बाराच्या डब्यात मिसळू देऊ नका. वीसचं काडतूस बाराच्या नळीत घसरून पुढे अडकतं, मागून नळी रिकामी दिसते, माणूस बाराचं भरतो. म्हणूनच वीसची काडतुसं पिवळी करतात.

फुगलेली कागदी काडतुसं वापरायची नाहीत. अडकतात, फुसकी जातात.

काजूबाग

शिक्का वाचला, ६५ आहे. म्हणजे दुकानदाराने परवा दिलेला डबा परत करावा लागणार, त्यावर ७० लिहिलंय. फुगलेल्यांचं काय करू? पुरून टाकू?

सुभेदार_निवृत्त

पुरू नका, जाळू नका, विहिरीत टाकू नका, फोडून दारू काढत बसू नका. ठाण्यात जाऊन लेखी द्या आणि जमा करा, किंवा विक्रेत्याच्या वहीत नोंद करून त्याच्याकडे द्या. पावती परवान्यासोबत ठेवा, कारण परवान्यावरच्या संख्येशी तुमचा साठा जुळला पाहिजे. नेताना बंदूक घरी, नुसती काडतुसं न्या.

भगतवाडी

कुडाळला विक्रेता कोण आहे? मलाही केपा जमा करायच्या आहेत.

काजूबाग

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. सोमवारी जातोय, येणार असाल तर सोबत जाऊ.